तिसरा पाय

दिवाळी अंकाच्या संपादकांनी यंदा विषय दिला होता ‘बेवारस वस्तू’. घरात आहेत, पण कुठून आल्या हे सांगणारं माणूस आता घरात नाही, अशा वस्तू. विषय ऐकला आणि मला जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या एका मराठी घराचा जिना आठवला. त्या जिन्याखाली एक लाकडी तिपाई उभी असते. येता-जाता पाहिली होती. या वेळी तिच्यासाठीच म्हणून गेले.

तिपाई छातीभर उंच आहे. प्रत्येक पाय दोन पट्ट्यांचा, वर फाकलेला, खाली एका लोखंडी टोकात मिटलेला. पाय लांब-आखूड होत नाहीत. माथ्यावर पितळेचा जाड, गोल तुकडा. त्याला बाहेरच्या अंगाने आटे पाडलेले, मधून तो आरपार पोकळ. आट्यांवर कुणीतरी जुन्या धोतराची चिंधी गुंडाळून सुतळीने बांधून ठेवली होती. ती सोडून आम्ही माथा पुसला, खालून विजेरी मारली, पट्ट्यांच्या आतल्या बाजू बघितल्या. नाव, नंबर, शिक्का, कागदी लेबलाचा डाग, काहीही सापडलं नाही.

घरात हिच्याविषयी दोन मतं आहेत. घरातल्या काकूंनी सासूबाईंकडून ऐकलं ते असं, की त्यांचे आजेसासरे फोटो काढत आणि हा त्यांच्या कॅमेऱ्याचा स्टँड. काकूंच्या दिरांच्या मते आजोबा रेल्वेत ओव्हरसियर होते, गोंदियाकडून जबलपूरला येणाऱ्या नॅरोगेजच्या कामावर होते, आणि हा त्यांच्या दुर्बिणीचा स्टँड. नातवाला दोन्ही गोष्टी ठाऊक आहेत. त्याला माथ्याच्या भोकातून वायर घेऊन हिचा दिवा करायचा आहे. काकू मला म्हणाल्या, “बघा ताई, दोघांचंही खरं असेल. माणूस तर एकच होता ना!”

माथ्यावर काय बसत होतं?

अशा वस्तूचं मूळ शोधताना माणूस पहिल्यांदा बनवणाऱ्याचं नाव शोधतो. मला वाटतं तो प्रश्न शेवटी विचारावा. तिपाईचा जन्मच दुसऱ्या वस्तूसाठी असतो. ती वस्तू कोणती हे कळलं, की निम्मं मूळ हाताशी येतं. आणि ते सांगायला माथा आणि पावलं पुरेशी असतात.

कॅमेऱ्यापासून सुरुवात करू. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी घडणीच्या लाकडी फील्ड कॅमेऱ्यात पितळी चकती बरेचदा कॅमेऱ्याच्या तळफळीतच बसवलेली असे. तिपाईचे पाय सुटे. प्रत्येक पायाची वरची दोन टोकं जराशी फाकवायची आणि चकतीच्या खुंट्यांवर चढवायची. त्यामुळे माळ्यावर कधी बिनडोक्याचे तीन पाय सापडले तर ते मोडके समजून बंबात घालू नयेत. ती तिपाई पूर्ण असू शकते, तिचं डोकं कॅमेऱ्याबरोबर गेलेलं असतं. आपल्याकडेही हे लाकडी कॅमेरे बनत. केरळात आळप्पुळ्याला के. करुणाकरन यांच्या ‘वागीश्वरी’ कारखान्यातले सागवानी फील्ड कॅमेरे १९८० च्या दशकापर्यंत देशभरच्या स्टुडिओंत होते. ज्या तिपायांना माथा असतो त्यांच्यावर बोटाएवढा स्क्रू असतो, पाव इंची किंवा तीन अष्टमांश इंची. शिवाय फोटोवाल्याच्या तिपाईचे पाय घडी होऊन किंवा एकात एक सरकून आखूड होतात, कारण सगळं सामान त्याला स्वतः वाहायचं असतं.

दुसरी शक्यता प्लेन टेबलाची. मोजणीवाल्यांचा हा पाट महाराष्ट्रात गावोगाव पाहिलेला आहे. त्याच्या तिपाईचा माथा रुंद, सपाट, लाकडी. मधून वर आलेल्या एका स्क्रूने पाट आवळायचा आणि सैल करून फिरवायचा. तिसरी शक्यता हेलिओग्राफची, आणि जबलपुरात ती विसरून चालत नाही. इराणच्या आखातातल्या तारखात्यात काम करणाऱ्या हेन्री मॅन्स यांनी १८६९ मध्ये आरशाच्या कवडशाने संदेश पाठवायचं हे यंत्र काढलं. पाच इंची आरसा, स्वच्छ ऊन, समोर डोंगर. तीस मैलांवरून नुसत्या डोळ्यांनी कवडसा वाचता येई. सैनिकाने पाठीवर नेण्याची ही तिपाई, म्हणून पाय हलके, सडपातळ.

काकूंच्या जिन्याखालची यांतल्या कशातच बसेना. सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवून निवृत्त झालेले एक प्राध्यापक माझ्याबरोबर आले होते. त्यांनी तिपाई पसरून उभी केली, खाली वाकून माथ्याच्या भोकातून बोट वर काढलं आणि म्हणाले, “ओळंब्याची दोरी इथून खाली यायची. जमिनीतल्या खुंटीच्या बरोबर डोक्यावर यंत्र आणायचं तर ओळंबा हवाच. फोटोवाल्याला ओळंबा कशाला लागतो?”

मग त्यांनी पावलं दाखवली. लोखंडी टोकाच्या थोडं वर, बाहेरच्या अंगाला, एक आडवा कान काढलेला आहे. त्यावर बूट ठेवून पाय जमिनीत दाबायचा. दोन पायांवरचे कान घासून गुळगुळीत झालेत, कडा बसक्या झाल्यात. स्टुडिओच्या फरशीवर असं होत नाही. काळ्या मातीत आणि मुरमात पुन्हा पुन्हा दाबल्याने होतं. पाय आखूड न होण्याचंही कारण यात मिळालं. हा स्टँड साहेब स्वतः उचलत नसे. सामान वाहणारा खलाशी तो खांद्यावर टाकून पुढच्या खुंटीकडे चालत जाई, त्याला घडी करण्याची गरज नव्हती.

म्हणजे थिओडोलाइट नाहीतर जड लेव्हल, कोन किंवा चढ-उतार मोजायची यंत्रं. यंत्राच्या तळाला आतून आटे, स्टँडच्या माथ्याला बाहेरून. यंत्र दोन्ही हातांनी धरून अलगद फिरवत बसवायचं. यंत्र काढलं की उघड्या आट्यांना धक्का लागू नये म्हणून त्यांच्यावर टोपण चढवायचं. इथलं टोपण कधीतरी हरवलं असणार आणि त्याच्या जागी धोतराची चिंधी आली. ज्याने ती बांधली त्याला आट्यांचं मोल कळत होतं.

“मग आजोबा कॅमेरा कशावर ठेवायचे?” काकूंनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. त्यांनी काढलेले फोटो घरात आहेत, म्हणजे दुसरी तिपाई कधीतरी होती. दोन वस्तूंच्या दोन गोष्टी उरलेल्या एका वस्तूला चिकटल्या, एवढंच.

या शहरात इतके स्टँड कुठून आले

जबलपुरात मराठी माणूस नवा नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांकडे गेला. पुढे मध्य प्रांत झाल्यापासून १९५६ पर्यंत जबलपूरची राजधानी नागपूरच होती. कारकून, मास्तर, वकील, ओव्हरसियर अशी कुटुंबं नागपूर-वर्ध्याकडून इथे बदलीवर येत गेली आणि बरीचशी राहिली. हातात मोजमापाचं यंत्र असलेला मराठी नोकरदार हे इथलं नेहमीचं चित्र होतं.

मोजायलाही भरपूर होतं. मुंबईहून येणारी जीआयपी आणि अलाहाबादेकडून येणारी ईस्ट इंडियन रेल्वे मार्च १८७० मध्ये जबलपुरातच जोडल्या गेल्या, आणि मुंबई ते कलकत्ता सलग रेल्वे झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदिया-नैनपूर-जबलपूर अशी अडीच फुटी नॅरोगेज सातपुड्यातून आणली. या गाडीने पिढ्यान्‌पिढ्या विदर्भातल्या लोकांना नर्मदेच्या स्नानाला नेलं. ब्रॉडगेजसाठी २०१५ मध्ये ती जबलपूरच्या बाजूला बंद झाली. घाटातून रेल्वे न्यायची म्हणजे चढ किती आणि उतार किती याचा हिशेब पावलापावलाला लागतो. रूळ पडायच्या कितीतरी आधी लेव्हलचा स्टँड त्या जंगलात रोवला गेलेला असतो.

त्याच सुमारास, १९०४ मध्ये, इथे तोफांचे गाडे बनवणारा गन कॅरेज कारखाना सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला. लष्कराच्या सिग्नल दलाचं प्रशिक्षण केंद्र पहिल्या महायुद्धानंतर इथे रुजलं आणि दलाचं संग्रहालयही जबलपुरातच आहे. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज निघालं. भारतीय सर्वेक्षण विभागाचं कार्यालय विजयनगरात आहे. नर्मदेवरच्या बरगी धरणाचं काम १९७० च्या दशकात सुरू झालं, त्याची आखणीही तीन पायांवर उभ्या केलेल्या यंत्रांतूनच झाली. एका शहरात तोफखाना, कवडशाचा संदेशवाला, रेल्वेचा ओव्हरसियर, नकाशावाला आणि धरणवाला असे सगळे नांदले. प्रत्येकाचा स्टँड वेगळा, आणि कामातून गेल्यावर तो कुठल्यातरी लिलावात निघायचा.

लिलावातला माल गुरंदी बाजारात येतो. जुन्या वस्तूंचा हा बाजार जबलपुरात कुणालाही विचारला तरी सापडतो. तिथल्या एका दुकानदाराकडे मी काकूंच्या तिपाईचे फोटो घेऊन गेले. त्याने फोटो मोठा करून फक्त माथा बघितला. “ये सर्वे वाला है. पहले तौल के भाव जाता था, अब लैंप वाले ले जाते हैं.” मग त्याने आतून एक चकचकीत तिपाई आणून दाखवली. गडद लाकूड, पितळी माथा, त्यावर लंडनच्या एका जुन्या कंपनीचं नाव आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं एक साल. “ये नया माल है दीदी, रुड़की का,” त्याने आपणहून सांगून टाकलं.

रुडकीचा उल्लेख इथे यावा हे योग्यच आहे. गंगा कालव्याच्या कामासाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे कार्यशाळा उभी राहिली, शेजारी इंजिनिअरिंगचं कॉलेज आलं, आणि मोजणीची यंत्रं घडवण्याचं कसब त्या गावात मुरलं. आजही तिथले कारागीर लेव्हल, कंपास, स्टँड बनवतात आणि शोभेचा मालही बनवतात. तो शोभेचा म्हणून विकत घेतला तर त्यात वावगं काही नाही. पण घरात सापडलेल्या वस्तूचं मूळ शोधणाऱ्याने यातून एक शिकावं. नाव-साल ठळक कोरलेली तिपाई दिसली की सावध व्हावं; नाव नसलेलीवर त्या मानाने जास्त विश्वास ठेवावा, कारण तिला खोटं सांगायचं काही कारण नव्हतं. दुकानातल्या त्या तिपाईचं पितळ सगळीकडे सारखंच काळवंडलेलं होतं, हात लागतो तिथेही आणि लागत नाही तिथेही. स्क्रूच्या डोक्यावर फुलीची खाच होती. असे स्क्रू बाजारात आले ते १९३० च्या दशकात. माथा भरीव होता, ओळंब्याला वाटच नव्हती.

खाचा आणि लाकूड

रांझीतल्या एका वयस्क सुतारांना घरी बोलावलं. त्यांनी आल्या आल्या तिपाई आडवी केली, पायांचे बोल्ट जिथे माथ्याला मिळतात तिथली घाण ओल्या फडक्याने हळूहळू काढली, आणि मला वाकायला सांगितलं. पितळेच्या कानावर, बोल्टच्या भोकाशेजारी, छिन्नीची एक बारीक रेघ होती. शेजारच्या कानावर दोन रेघा. तिसऱ्यावर तीन. मग पायांच्या वरच्या टोकांचं लाकूड पुसलं. एका पायावर एक खाच, दुसऱ्यावर दोन. तिसऱ्या पायावर काहीच नाही.

नाव-नंबर शोधताना या रेघा आमच्या नजरेतून निसटल्या होत्या. जोडकाम करणारा कारागीर प्रत्येक पाय त्याच्या जागेला घासून-तासून बसवतो आणि पुन्हा जोडताना अदलाबदल होऊ नये म्हणून अशा खुणा करून ठेवतो. गिऱ्हाइकासाठी त्या नसतातच. तिसऱ्या पायावर खूण नाही याचा अर्थ तो पाय त्या हाताने बसवलेला नाही.

सुतारांनी मान हलवली. “दो एक माँ के हैं. ये तीसरा सागौन है, बाद का.”

कळकट पुटाखाली रंगाचा फरक दिसत नव्हता. पण एका जुन्या पायाचं लोखंडी टोक सैल होतं, ते ओढल्यावर पट्ट्यांची कापलेली टोकं उघडी पडली. तिसऱ्या पायाच्या तळालाही तेवढीच जागा मिळाली. सुतारांनी धारदार पटाशीने दोन्हीकडचा कागदाएवढा पापुद्रा काढला आणि आम्ही भिंग लावलं. हे बघणं मला फार आवडलं, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

लाकडाचं कापलेलं टोक भिंगातून पाहिलं की वाढीची वलयं दिसतात आणि वलयाच्या सुरुवातीला छिद्रांची रांग. जुन्या पायाचं लाकूड फिकट, पांढुरक्याकडे झुकणारं. वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांच्या दोन-तीन रांगा, पुढे एकदम बारीक, विरळ ठिपके. ही ॲशची ठेवण. ॲश म्हणजे विलायतेत हत्यारांच्या दांड्यांना, वल्ह्यांना वापरतात ते चिवट, लवचीक लाकूड. इंग्रज यंत्रकारांचं स्टँडसाठी ते आवडतं होतं. तिसऱ्या पायाचं लाकूड सोनेरी तपकिरी, बोटाला किंचित तेलकट. त्यातही मोठ्या छिद्रांची रांग आहे, पण काही छिद्रांत पांढरट-पिवळसर भरणा बसलेला. ताज्या पापुद्र्याला कमावलेल्या चामड्यासारखा वास. साग ओळखायला सुतारांना भिंगाची गरज नव्हती. ते त्यांनी माझ्यासाठी लावलं होतं.

फिकट लाकूड ॲश निघालं म्हणून तिपाई विलायती ठरवण्याची घाई मात्र करू नये. ॲशच्या जातीची झाडं आपल्या हिमालयातही आहेत आणि त्यांचं लाकूडही दांड्यांसाठी वापरतात. नुसत्या लाकडावरून इंग्लंडचा ॲश आणि हिमालयातला ॲश वेगळा काढणं तज्ज्ञालाही अवघड जातं. जबलपुरात मंडला रस्त्यावर उष्णकटिबंधीय वन अनुसंधान संस्था आहे. ज्यांना लाकडाची खात्री करून घ्यायची आहे त्यांच्यासाठी अशा संस्था हाच रस्ता, आणि त्यासाठी काढलेला पापुद्रा फेकून न देता पाकिटात ठेवावा. काकूंनी दोन पाकिटं केली, त्यांवर ‘जुना पाय’ आणि ‘नवा पाय’ असं लिहिलं.

पाय बदलणाऱ्या सुताराने साग का निवडला असावा, हे विचारायलाच नको होतं. इथल्या हवेत एप्रिल-मे महिन्यांत लाकूड करकर वाळतं आणि आषाढात पाणी पितं. साग या दोन्हींत फारसा हलत नाही, आणि वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. शिवनी-बालाघाटचा साग हाताशी होता. ज्याने हा पाय केला त्याने जुन्या पायाची नक्कल करताना पट्ट्यांचा बाक, कडांची गोलाई, खालचं निमुळतं टोक हे सगळं राखलंय. फक्त जाडी जरा वाढवलीय. उचलून पाहिलं तर तो पाय किंचित जड लागतो.

आटे उमटवायचे कसे

लाकूड झालं, आता धातू. यासाठी एका लेथवाल्याकडे गेलो. आटे मोजण्याची त्याची रीत कुणालाही घरी करता येईल अशी आहे. कागदाची पट्टी आट्यांवर ताणून धरायची आणि वरून पेन्सिल आडवी घासायची. कागदावर समांतर रेघा उमटतात. मग त्यावर इंचाची पट्टी ठेवायची.

इंचात रेघा पूर्ण संख्येने बसल्या, तर आटे इंची मापाचे. जर्मनी-स्वित्झर्लंडकडचं मेट्रिक काम असेल तर रेघा इंचाच्या खुणेशी चुकतात. दोन मिलिमीटरचा आटा असेल तर इंचात पावणेतेराच्या आसपास पडतात. काकूंच्या तिपाईच्या माथ्यावरच्या रेघा इंचाच्या खुणांवर बरोबर आल्या. म्हणजे माथा ब्रिटिश, किंवा ब्रिटिश मापं वापरणाऱ्या कार्यशाळेतला. त्या काळी माथ्याच्या आट्यांविषयी यंत्रकारांत एकवाक्यता नव्हती. एकाचं यंत्र दुसऱ्याच्या स्टँडवर चढेलच असं नसे. तेव्हा ही गोष्ट डोकेदुखीची होती. आज ती शोधाला उपयोगी पडते.

बोल्टांकडेही बघितलं. जुन्या दोन पायांचे बोल्ट पितळी, डोकी हाताने घासून गोल केलेली. तिसऱ्या पायाचा बोल्ट साधा लोखंडी, षट्कोनी डोक्याचा, तीन अष्टमांश इंची, इंचाला सोळा आटे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये इंग्लंडात आट्यांची जी मापं सुचवली त्यातलं हे माप. आजचा दहा मिलिमीटरचा बोल्ट घेतला तर इंचाला सतराच्या जवळ आटे येतात, सोळा नाही. आपल्याकडे मापांचा मेट्रिक कायदा १९५६ चा, पण व्हिटवर्थचे बोल्ट त्यानंतरही बरीच वर्षं दुकानांत मिळत राहिले. म्हणून पाय १९५६ च्या आधीच बदलला असं छातीठोक म्हणता येणार नाही; मेट्रिक बोल्ट सर्रास होण्याआधी बदलला एवढं म्हणता येतं.

नाव कुणी घालायचं?

जुन्या थिओडोलाइटवर बनवणाऱ्याचं नाव बहुधा असतंच. चांदीच्या किंवा पितळेच्या वर्तुळावर, सुबक अक्षरांत. स्टँडवर ते क्वचित. यंत्रकाराची सगळी कीर्ती त्या वर्तुळावर अंश आणि कला किती अचूक कोरल्यात यावर अवलंबून असे. स्टँड हा सोबतचा. शिवाय स्टँड पडतो, मोडतो, बदलावा लागतो. ज्या वस्तूचे भाग बदलायचेच आहेत तिच्यावर नाव कशाला कोरायचं?

सरकारी असेल तर निदान सरकारी शिक्का असायला हवा. लष्करी भांडारातल्या वस्तूंवर बाणाचं चिन्ह मारत. हिंदुस्थानातल्या भांडारासाठी त्याच्याबरोबर इंग्रजी आय अक्षर येई. तो शिक्का इथे पितळेवर नाही आणि जुन्या लाकडावरही नाही. तिसरा पाय नवा असल्याने त्याची साक्ष घेता येत नाही, पण उरलेल्या भागांवरून ही लष्करी भांडारातली वाटत नाही. रेल्वे कंपनी, कंत्राटदार किंवा खाजगी खरेदी, हे पर्याय उरतात. मुंबईत १८९१ पासून आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची शाखा होती. विलायती माल घ्यायला अशा वाटा उपलब्ध होत्या.

आणि विलायतेला तरी का जायचं? सर्वेक्षण खात्याची स्वतःची यंत्रशाळा कलकत्त्यात १८३० पासून होती. जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हेन्री बॅरो या लंडनच्या कारागिराला त्यासाठी आणवलं. बॅरो यांच्यानंतर ती जागा आर्कोटच्या सय्यद मीर मोहसीन हुसेन यांनी घेतली. विलायती थिओडोलाइट खोलून, दुरुस्त करून, प्रसंगी त्याचे भाग नव्याने घडवून ते पुन्हा डोंगरावर पाठवणारा हा माणूस आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवा होता. एव्हरेस्टच्या आधीचे लॅम्बटन आपल्या हिंगणघाटात २० जानेवारी १८२३ रोजी वारले, त्यांची कबर तिथे आहे, एवढं तरी विदर्भात लोकांना माहीत असतं. मोहसीन हुसेन यांचं नाव कुणी घेत नाही. त्याच यंत्रशाळेतून पुढे १९५७ मध्ये जादवपूरची नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स ही सरकारी कंपनी झाली.

दुरुस्ती आणि निर्मिती यांच्यातली रेषा आपल्याकडे नेहमीच पुसट राहिली. कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि दामले यांनी परदेशी सिनेकॅमेऱ्याचा अभ्यास करून १९१८ मध्ये स्वतःचा कॅमेरा घडवला, तोही लेथवर आणि भात्यावर काम करणाऱ्या हातांच्या भरवशावर. त्यांचं नाव राहिलं, कारण त्या कॅमेऱ्यातून चित्रपट निघाले. मोजणीच्या स्टँडचा पाय करणाऱ्या सुताराचं नाव राहण्यासारखं काही घडत नाही. रेल्वेची चढण बरोबर निघते, पूल उभा राहतो, स्टँड पुढच्या मुक्कामाला जातो.

काकूंच्या घरी जे ठरलं

मी जे काही जमवलं ते काकूंच्या घरी सगळ्यांसमोर मांडलं. माथा ब्रिटिश मापाचा, थिओडोलाइटसाठी किंवा जड लेव्हलसाठी केलेला. एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध ते विसाव्याची पहिली तीन-चार दशकं एवढ्या पट्ट्यातला. दोन पाय मूळचे, ॲशचे. तिसरा पाय सागाचा, नंतरचा, बहुधा याच भागातल्या सुताराच्या हातचा. फोटोच्या कामाची ही तिपाई नव्हे. दीर खूश झाले, पण रेल्वेचा पुरावा अजून हातात नाही हेही त्यांना सांगितलं. आजोबांच्या नोकरीचे कागद घरात कुठे असतील तर ते शोधायचं त्यांनी कबूल केलं.

“मग हिचं मूळ गाव कुठलं लिहायचं?” काकूंनी विचारलं. मी म्हटलं, दोन लिहा. माथ्याचं वेगळं आणि तिसऱ्या पायाचं जबलपूर. तिसरा पाय नसता तर माथा केव्हाच मोडीत गेला असता आणि आज आपण कशाचंच मूळ शोधत बसलो नसतो. माझ्या मते या वस्तूवर जबलपूरचा हक्क त्या एका पायाने सिद्ध होतो.

नातवाला मी पॉलिश न करण्याची गळ घातली. घासकागद फिरला की खाचा गेल्या, ड्रिल फिरलं की ओळंब्याच्या वाटेची कड गेली, आणि पितळ चकाकलं की कुठे हात लागत होता ते कळायचं बंद झालं. कोरडं फडकं आणि वाळवीपासून दूर जागा एवढं पुरे. तो दिव्याचा नाद सोडायला सहज तयार झाला नाही, पण खाचांचे फोटो त्यानेच सगळ्यांत चांगले काढले. कान, खाचा, पावलं, बोल्ट, प्रत्येकाशेजारी पट्टी ठेवून.

नावाचा शोध अजून बंद झालेला नाही, आणि त्याची वाट प्राध्यापकांनी दाखवली. सगळीकडच्या कॉलेजांत आता टोटल स्टेशन आणि उपग्रहावर चालणारी यंत्रं आली. जुने लेव्हल, थिओडोलाइट आणि त्यांचे लाकडी स्टँड निर्लेखनाच्या यादीत जाऊन पडतात. पण यंत्रं अजून लाकडी खोक्यांत आहेत, आणि यंत्रांवर व खोक्यांवर नावं आहेत. ज्या यंत्राच्या तळाचे आटे या माथ्याशी जुळतील, त्या यंत्रावरचं नाव हेच बहुधा माथ्याचं नाव. त्यांच्या ओळखीच्या एका सर्व्हे लॅबमध्ये लिलावाआधी जुनी यंत्रं बघू द्यायला तिथल्या लोकांनी होकार दिलाय. लेथवाल्याने उमटवलेली कागदाची पट्टी आणि माथ्याच्या व्यासाचं माप प्राध्यापक बरोबर घेऊन जाणार आहेत. दीरही सोबत निघालेत.